आधी कुंभारजुवे, मग अलास्का: छोट्या होडीतून कोसळता बर्फ आणि वन्यजीव टिपताना

अलास्कातल्या आयालिक हिमनदीसमोर आमची बोट तासभर थांबली होती. परतीच्या वाटेवर कॅमेरा उघडून पाहिला, तर उसळलेल्या पाण्याचे एकोणीस फोटो निघाले आणि कड्यावरून बर्फ सुटतानाचा एकही नाही. कॅमेरा चांगला होता. लेन्स उसनी आणलेली, ती तर त्याहून चांगली. चूक सगळी माझी होती. हलत्या बोटीत कसं उभं राहायचं हे मला माहीत नव्हतं, आवाज आला की तिकडे मान वळवायची खोड होती, आणि पांढऱ्या बर्फाला प्रकाश किती द्यायचा हे मी आदल्या रात्री हॉटेलात माहितीपुस्तिका चाळून ठरवलं होतं.

राग याचा आला की हे तिन्ही धडे घरापासून वीस मिनिटांवर मिळत होते. मी जुन्या गोव्याच्या बाजूला राहते. मांडवी आणि झुवारी या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा जवळच आहे. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिथे चिखलावर मगर पडलेली असते, खारफुटीच्या काळोखात पांढरा बगळा उभा असतो, आणि निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारा छोटा मासा, कधी उडी मारेल ते देवालाही ठाऊक नसतं. दुसऱ्यांदा बर्फाकडे जाण्याआधी मी एक अख्खा हिवाळा रविवार-रविवार तिथे घालवला. अलास्का किंवा नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार बेटांना जाण्याचा बेत करणाऱ्या गोव्या-कोकणातल्या मंडळींना माझं सांगणं एवढंच, की लाखभराची लेन्स घेण्याआधी होडी शिकून घ्या.

फेरीबोटीवरची बाटली

सुरुवात होडीने नको, फेरीबोटीने करा. रायबंदर ते चोडण. एक पाण्याची बाटली अर्धी भरून फेरीच्या लोखंडी कठड्यावर ठेवा आणि आतलं पाणी नीट बघा. फेरी धक्क्याला लागलेली असली तरी इंजिन चालू असतं, आणि पाण्यावर केसाएवढ्या बारीक लहरी थरथरत असतात. आता तीच बाटली हातात घ्या, कोपर बरगड्यांना लावा, गुडघे थोडे सैल सोडा. पाणी आता डुलतं, पण थरथर गेलेली असते. लेन्स कठड्यावर टेकवली की ती पहिली थरथर थेट फोटोत उतरते. डोळ्यांना ती दिसत नाही. घरी मोठ्या पडद्यावर बघताना सगळं "किंचित मऊ" का आलं, हे मात्र कळत नाही.

म्हणून बोटीवर तिपाई न्यायची नाही. एकपायी स्टँडही नको. तुमचं शरीरच तिथे स्प्रिंगचं काम करतं. पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा, एक पाय थोडा पुढे, डावा तळवा लेन्सच्या खाली. कठड्याला मांडी टेकली तर चालेल, कोपर नको. कंबरेखालचं अंग होडीबरोबर हलू द्या आणि कंबरेवरचं क्षितिजाबरोबर ठेवा. फुगडी घालणाऱ्या बायकांना हे लवकर जमेल असं मला वाटतं, पण हा माझा पक्षपात असू शकेल.

फेरीवरून दहा-बारा खेपा करा आणि प्रत्येक खेपेत एकच गोष्ट बदला. तीच ब्राह्मणी घार, तोच काठावरचा माड, पण शटरचा वेग आधी १/२५० सेकंद, मग १/५००, मग १/१०००, मग १/२०००. घरी येऊन शंभर टक्के मोठं करून बघा. माझ्या हाताला ४०० मिलिमीटरच्या लेन्सने, चालत्या फेरीतून, १/१००० च्या खाली भरवशाचा फोटो मिळत नाही. तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो आकडा तुमच्या वहीत लिहिलेला असला पाहिजे. लेन्समधली स्थिरता-यंत्रणा चालू ठेवायची की बंद, यावर लोक हिरिरीने भांडतात. मी १/१००० च्या वर गेले की ती बंद करते, खाली असले की चालू. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) आपोआप ठेवा आणि वरची मर्यादा घालून द्या. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला येत नाही.

कालव्यात: सुकती, मगर आणि थांबणं

कुंभारजुव्यातली मगर म्हणजे मगर जातीची सुसर, आपल्याकडे लोक तिला मानगें म्हणतात. ही जात मुळात गोड्या पाण्यातली, तरीही इथल्या मचूळ पाण्यात ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे. काठावरच्या गावांत पौषातल्या अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, तिला मानगें थापणी म्हणतात. खाजन शेतीचे (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीचे) बांध ज्या पाण्याने तगायचे किंवा फुटायचे, त्या पाण्याच्या राखणदाराशी केलेला हा सलोखा. फोटो काढायला जाणाऱ्याने एवढं डोक्यात ठेवलेलं बरं, कारण तुमचा होडीवाला ते डोक्यात ठेवूनच वल्हं मारतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळची हवा गार असते आणि मगर ऊन खायला चिखलावर चढते. पण चिखल दिसायला सुकती हवी. भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि सूर्योदयानंतर दीड-दोन तासांत पूर्ण सुकती येईल असा दिवस निवडा. ती वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे या रविवारी जमलं ते पुढच्या रविवारी जमणार नाही. भरतीला गेलात तर खारफुटीची मुळं पाण्याखाली, मगर पाण्याखाली, आणि तुमच्याकडे पानांचे फोटो.

होडी ठरवताना मोटरवाली असली तरी वल्हं असलेलीच घ्या. निघण्याआधीच होडीवाल्याला तीन गोष्टी सांगा: जनावर दिसलं की इंजिन आधीच, लांबूनच बंद करायचं, सूर्य पाठीमागे ठेवायचा, आणि थेट जनावराच्या रोखाने जायचं नाही, तिरकं जायचं. माझ्या होडीवाल्या काकांना मी हे सगळं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिली मगर दिसताच मी उठून उभी राहिले तेव्हा एवढंच म्हणाले, "बाय, उबी रावूं नाका." छोट्या होडीत फोटो बसूनच काढायचा. एक तर तोल, आणि दुसरं म्हणजे बसल्यावर लेन्स पाण्यापासून दोन हातांवर येते, मगरीच्या डोळ्याच्या पातळीला. वरून काढलेली मगर लाकडाच्या ओंडक्यासारखी दिसते. समोरून काढलेली मगर तुमच्याकडे बघते.

दिशा सांगताना "ते बघा, तिकडे" याचा काही उपयोग नसतो. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बारा वाजता धरा. "दहा वाजता, चिखलावर." अलास्कातले कप्तानही हेच घड्याळ वापरतात, तेव्हा सवय इथेच करून घ्या.

आता अंतराचं. जनावर आपल्याला किती जवळ येऊ देतं हे तेच सांगतं, फक्त आपण ते वाचायला शिकायचं. पडलेली मगर आधी डोळा उघडते. मग जबडा मिटते, डोकं उचलते, पुढचे पाय अंगाखाली घेते, आणि मग सरकन पाण्यात. डोकं उचललं तेव्हाच थांबायचं होतं. पाण्यात गेली याचा अर्थ तुम्ही तिचं ऊन हिरावून घेतलंत, आणि त्या दिवशी त्या वळणावर मागून येणाऱ्या प्रत्येकाचं नुकसान केलंत. बर्फाच्या तुकड्यावर पडलेला सीलही हुबेहूब असाच वागतो: एक मान वर, मग सगळ्या माना वर, मग धपाधप पाण्यात. मात्र जूनच्या सुमाराला तिथे पिल्लं असतात आणि गारठलेल्या पाण्यात ढकललं गेलेलं पिल्लू दमून मरू शकतं. म्हणून अलास्कातल्या हिमनदीच्या खाड्यांत बर्फावरच्या सीलपासून ५०० यार्ड, म्हणजे साडेचारशे मीटरच्या वर, अंतर ठेवायला सांगतात. इतर सागरी सस्तन प्राण्यांपासून १०० यार्ड. हंपबॅक देवमाशाच्या बाबतीत तर तो कायदाच आहे. मगरीची मान वाचायला शिकलेल्या माणसाला हे नियम जाचक वाटत नाहीत.

चोडणच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, १९८८ साली जाहीर झालेलं. तिथे जायला वन खात्याची परवानगी लागते. खंड्यांसाठी जा, गळपट्टीवाला खंड्या तिथे हमखास. नशीब असेल तर पाणमांजरांची टोळी दिसेल.

बगळा आणि से कॅथेड्रलची भिंत

कॅमेऱ्याचं मीटर भोळं असतं. समोर काहीही आलं तरी ते सरासरी राखाडी आहे असं धरून ते प्रकाश ठरवतं. गर्द खारफुटीपुढे छोटासा पांढरा बगळा असला की चौकटीत काळोखच जास्त. मीटर काळोखाला उजळायला जातं आणि बगळ्याची पिसं फाटून नुसता पांढरा डाग उरतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोला द्यायचा प्रकाश, उणे करायचं, उणे एकच्या आसपास. बर्फाचा कडा चौकटभर आला की उलटं होतं. मीटर घाबरून प्रकाश कमी करतं आणि हजारो वर्षांचा बर्फ सिमेंटच्या गोणीसारखा दिसतो. तिथे अधिक करायचं, अधिक एक किंवा थोडं वर.

बगळ्याचा सराव कालव्यात होतो. बर्फाच्या सरावासाठी जुन्या गोव्यातली से कॅथेड्रलची चुन्याची पांढरी भिंत आहे. समोरच्या बॉम जेझसची जांभ्याची उघडी भिंत या कामाची नाही. ढगाळ सकाळी जा, चौकट पूर्ण पांढऱ्याने भरा, आणि शून्य, अधिक अर्धा, अधिक एक, अधिक दीड असे चार फोटो काढा. मग कोनाड्यात बसलेलं कबूतर घ्या. पांढऱ्यावर काळं कबूतर म्हणजेच बर्फावरचा सील. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) उजवीकडे सरकला पाहिजे, पण उजव्या भिंतीला चिकटायला नको. हे दोन्ही सराव एकाच दिवशी केलेत तर हात आपोआप योग्य दिशेने चाक फिरवायला लागतो. बोटीवर विचार करायला वेळ नसतो, हातालाच आठवावं लागतं.

रंगांबद्दल एक. हिमनदीचा बर्फ निळा असतो, कारण वरच्या वजनाने त्यातली हवा दाबली गेलेली असते आणि दाट बर्फ तांबडा प्रकाश गिळतो. कॅमेऱ्याची आपोआप ठरणारी पांढऱ्याची समतोल-सेटिंग या निळ्याला चूक समजून पुसून टाकते. ती सूर्यप्रकाशाच्या सेटिंगवर ठेवा आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ फाइल) काढा. ऊन नसेल तर हळहळू नका, ढगाळ दिवशी हा निळा अधिक खोल दिसतो.

निवट्याकडून शिकायचं ते

सुकतीच्या चिखलावर निवटे असतात, बोटभर लांबीचे. मिनिटन्‌मिनिटं काही करत नाहीत आणि मग एका क्षणात हवेत. बर्फाच्या कड्याचा स्वभाव नेमका असाच. उडी दिसल्यावर बटण दाबलंत तर फोटोत चिखलाचे शिंतोडे येतात.

यावर उपाय दोन. पहिला जुना: एकाच निवट्यावर फोकस करून तो कुलूपबंद करा (फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या), चौकट थोडी सैल ठेवा, आणि कॅमेऱ्याच्या वरून दोन्ही डोळ्यांनी बघत राहा. दुसरा नवा: बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत आता बटण पूर्ण दाबण्याच्या आधीचे काही क्षणही साठवून ठेवायची सोय असते. असेल तर ती चालू करायला आणि तिने बॅटरी किती खाल्ली हे बघायला निवट्यांसारखे शिक्षक नाहीत. अर्ध्या तासात पाच उड्या मिळाल्या तर तुम्ही तयार आहात. मला पहिल्या रविवारी एकही मिळाली नव्हती. तिसऱ्या रविवारी दोन मिळाल्या, त्यातली एक शेपटाशिवाय.

बर्फासमोर

हिमनदी थेट समुद्रात उतरते तिथे तिचं तोंड सतत तुटत असतं. खालून समुद्राचं पाणी बर्फ पोखरतं, वरून भेगा खोल होत जातात, आणि एक फळी सुटते. इंग्रजीत याला गाय विण्याचाच शब्द आहे, काल्व्हिंग. अलास्कातले मूळचे ट्लिंगिट लोक या आवाजाला पांढरी मेघगर्जना म्हणतात.

गर्जनेनेच मला फसवलं होतं. हिशेब करून बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आयालिक जिथे आहे त्या केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानात कयाकवाल्यांना हिमनदीच्या तोंडापासून अर्धा मैल, म्हणजे ८०० मीटर, लांब राहायला सांगतात. एवढ्या अंतरावरून आवाज यायला जवळजवळ अडीच सेकंद लागतात. आणि ३० मीटर उंचीवरून सुटलेला बर्फ पाण्यात पडायला किती? तेवढेच, अडीच सेकंद. म्हणजे कडाका कानावर पडतो त्या क्षणी बर्फ पाण्यात गेलेला असतो. माझे एकोणीस उसळते खांब असे आले.

तेव्हा कानांवर नाही, नजरेवर चाला. मोठी फळी सुटण्याआधी पुष्कळदा त्याच जागेवरून भुगा झडतो, डंपरमधून खडी सांडावी तसा. थांबतो, पुन्हा झडतो. ताजा, गडद निळा व्रण दिसला तर तिथे नुकतंच काही पडलंय आणि शेजारचा आधार गेलाय. पाण्याच्या रेषेशी खोबण पडलेली, वर पुढे झुकलेला सुळका, कमान: या जागा निवडून ठेवा. दोन-तीनच निवडा. गढूळ तपकिरी पाण्याचा पट्टा तोंडाशी दिसला तर खालून वितळलेल्या पाण्याचा झरा तिथे वर येतोय, आणि त्याबरोबर वर आलेलं बारीक खाद्य टिपायला किटिवेक पक्षी घिरट्या घालतात. पक्षी चौकटीत आले तर सोन्याहून पिवळं, कारण नुसत्या बर्फाची उंची कळत नाही. समोर पांढरा ठिपका असला की मग ती भिंत भिंत वाटते.

लेन्स किती लांब घ्यावी यावर माझं मत बदललं आहे. पहिल्या खेपेला मी ४०० वर अडून बसले होते. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८०० मीटरवरून ४०० मिलिमीटर लेन्स फक्त ७२ मीटर रुंदीचा तुकडा दाखवते. २०० घेतली तर १४४ मीटर, १०० घेतली तर २८८. हिमनदीचं तोंड दीड किलोमीटर रुंद असेल तर ७२ मीटरच्या खिडकीत नेमकं तिथेच काहीतरी पडेल ही आशा म्हणजे लॉटरी. आता मी ७०-२०० लावते, शंभर ते दीडशेच्या मध्ये ठेवते, आणि खाली पाण्यासाठी चौकटीचा तिसरा भाग रिकामा सोडते. उसळी तिथेच येणार असते. जवळचं हवं असेल तर नंतर कापून घेता येतं. लांब लेन्स सीलसाठी आणि पफिन पक्ष्यांसाठी, दुसऱ्या कॅमेऱ्यावर, किंवा परतीच्या वाटेवर. उडत्या थेंबांत लेन्स बदलायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

सेटिंग: शटर १/१२५० ते १/२०००, लेन्सचं छिद्र एफ ५.६ ते एफ ८, एक्स्पोजर अधिक एकपासून सुरू, एक चाचणी फोटो, मग मॅन्युअल मोडमध्ये कुलूपबंद. फोकस भेगांच्या काळ्या रेषेवर करा, सपाट पांढऱ्यावर कॅमेरा चाचपडत राहतो.

आणि बटण सतत दाबून धरू नका. पहिल्या खेपेला भुगा झडायला लागला तेव्हा मी सेकंदाला वीस फोटोंच्या वेगाने बटण दाबलं. चार सेकंदांत कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण भरली आणि तो कार्डावर लिहीत बसला. पाचव्या सेकंदाला अख्खा सुळका खाली आला. आता वेग दहावर ठेवते आणि भुग्याला छोट्या झटक्यांत टिपते: दाब, सोड, बघ. वेगवान कार्ड हवंच, पण कार्डाने हावरेपणा सुटत नाही.

फोन घेऊन जाणाऱ्यांनी फोटोच्या मागे लागू नये. संथ गतीचा व्हिडिओ लावावा, फोन आडवा, झूम न करता. माझ्या बहिणीचा असा व्हिडिओ माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त लोकांनी पाहिला आहे, आणि ती ते विसरू देत नाही.

फळी पडली की काम संपत नाही. खांब, मग त्याच्या तळाशी फिरणारी लाट, डुलणारे तुकडे, उठलेले पक्षी, असे दहा सेकंद काढा. मग कॅमेरा खाली, छातीशी, आणि एका हाताने पकड. लाट येतेच. खोल पाण्यात ती फुगवट्यासारखी अंगाखालून जाते, उथळ पाण्यात आणि काठाशी उभी राहून फुटते. कप्तान नाळ लाटेकडे वळवतो. त्या वेळी तुम्ही उभे राहून "एक मिनिट" म्हणायचं नसतं. शिवाय बर्फ फक्त वरूनच पडत नाही. पाण्याखालचा पाय सुटला तर तो तोंडापासून दूर, कुठल्याही सूचनेशिवाय, पाण्यातून वर उसळतो. तरंगणाऱ्या हिमखंडाचा नऊ-दशांशाच्या आसपास भाग पाण्याखाली असतो आणि वितळता वितळता तोल गेला की तो कुशीवर वळतो. निळ्या कमानीखालून होडी नेण्याचा आग्रह धरणारा सहप्रवासी भेटेल. त्याच्या बाजूने बोलू नका.

आपल्याकडच्या पोहणाऱ्यांना एक सांगणं. मांडवीत पोहता येतं म्हणजे तिथे येतं असं नाही. गारठलेल्या पाण्यात पडल्यावर पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातो, त्यानंतर हात-पाय नीट चालतात ते दहाएक मिनिटं. बेशुद्ध व्हायला तासभर लागतो, पण तोवर बुडायचं नसेल तर अंगात जीवरक्षक जाकीट हवं. कॅमेऱ्याचा पट्टा जाकिटाच्या वरून घ्या, खालून नाही.

रबरी फुगीर होडी असेल तर ती धावत असताना मागच्या बाजूला बसा. तिथे दणके कमी बसतात, पाणी मात्र जास्त उडतं. बॅग तळाशी ठेवू नका. तळ आपटतो आणि लेन्सच्या आतली काचं हलतात. मांडीवर घ्या. धावत्या होडीतून फोटो काढायचाच नाही.

सड्यावरून स्वालबारला

गोव्याचं आणि बर्फाचं नातं आपण विसरतो. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातूनच निघाली, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली. आज राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र वास्कोच्या हेडलँड सड्यावर आहे. भारताचं आर्क्टिकमधलं हिमाद्री हे केंद्र २००८ पासून स्वालबारच्या न्यू-ऑलेसुंदला, कोंग्सफ्योर्डच्या काठी आहे, आणि त्या खाडीच्या टोकाला हिमनद्या समुद्रात तुटतात.

तिकडे जाणार असाल तर फोटोवाल्यांच्या कामाच्या तीन गोष्टी. न्यू-ऑलेसुंदच्या २० किलोमीटर परिसरात वैज्ञानिक उपकरणांसाठी रेडिओ-शांतता पाळतात, म्हणून वायफाय आणि ब्लूटूथ बंद. फोनचं आठवतं, कॅमेऱ्याचं आणि घड्याळाचं विसरतं, ते निघण्याआधीच बंद करा. ध्रुवीय अस्वलापासून २०२५ पासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर अंतर हा कायदा आहे, म्हणजे अस्वल चौकटीत छोटंच येणार. त्याला छोटंच येऊ द्या, भोवतीचा बर्फ मोठा घ्या. आणि स्वालबार शेंगेनच्या बाहेर असल्याने नॉर्वेमार्गे जाऊन परत यायला दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो. अलास्कात ड्रोन नेण्याचा विचार असेल तर सोडा, अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत त्याला बंदी आहे.

वाफ, बुरशी आणि मीठ

गोव्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. बर्फाच्या मुलखात हेच उलट होतं: बाहेर गार झालेला कॅमेरा केबिनच्या उबेत आणला की आत-बाहेर दव. नियम एकच. गार वस्तू दमट उबेत नेताना आधी घट्ट झिपच्या पिशवीत बंद करायची, आणि पिशवीसकट गरम होऊ द्यायची. तासभर तरी. कार्ड आणि बॅटरी बाहेरच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायच्या मोहात पिशवी उघडली जात नाही. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जास्तीच्या दोन-तीन बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. मेलेली वाटलेली बॅटरी अर्ध्या तासाने खिशातून काढली तर पुन्हा थोडी चालते.

घरी आल्यावर आधी मीठ. कालव्याचं असो की अलास्कातल्या रेझरेक्शन उपसागराचं, वाळलं की ते कणीदार होतं आणि कोरड्या फडक्याने पुसलंत तर काचेवर ओरखडे उठतात. गोड्या पाण्यात फडकं भिजवून घट्ट पिळा, कॅमेऱ्याचं अंग, चाकं, लेन्सची कडी पुसा, मग कोरडं फडकं. काच सगळ्यात शेवटी, आधी फुंकणीने कण उडवून. पट्टा साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. पट्ट्यातलं मीठ कॅमेऱ्याला महिनाभर पुरतं.

मग पावसाळा. जूनमध्ये कालवा बंद, सराव बंद, आणि लेन्समध्ये बुरशी सुरू. चामड्याची बॅग म्हणजे बुरशीची अंगणवाडी, तीत काही ठेवू नका. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये हवा. सिलिका जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळं करायचं, पण ती कढई परत स्वयंपाकाला घेऊ नका. आणि डब्यात तांदूळ घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मी घातले होते. हवा काही कोरडी झाली नाही, पीठ मात्र झूमच्या कडीत गेलं आणि गणपतीपर्यंत ती करकरत होती.